दुसरी फेरी

शेंद्र्याचा फाटा मागे पडला तेव्हा मला आठवलं, ज्यांच्या घरी चाललो होतो त्या आक्कांच्या डोळ्यांत घालायचं औषध माहेरच्या फडताळातच राहिलं होतं.

"अहो, गाडी वळवा," मी म्हटलं. "आक्कांचं औषध राहिलं."

अच्युतने गाडी वळवली नाही. वेगसुद्धा कमी केला नाही.

"कराडला घेऊ."

"कराडला मिळत नाही म्हणून तर त्यांनी साताऱ्याहून मागवलं. दहा मिनिटांचा रस्ता आहे."

"परत फिरायचं नाही," तो म्हणाला.

आता मी त्याला अरेतुरे करून लिहिते आहे. तेव्हा चारचौघींसारखी 'अहो'च म्हणत होते. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा एवढी मुभा मी घेतली तर कोणाचं काही बिघडत नाही.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. अच्युत हवाई दलात लढाऊ विमानं चालवायचा. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईला गेला आणि छातीवर पदक लावून परत आला. लोकांना वीर मिळाला. मला मात्र गेला होता तोच माणूस काही परत मिळाला नाही. गेला तो नवरा असा होता की, पानाची चंची विसरली म्हणून स्टेशनावरून टांगा माघारी वळवायचा आणि टांगेवाल्यालाच पान खायला घालायचा. आला तो सारखी मान वळवून मागे बघायचा. जेवताना, दाढी करताना, स्कूटर चालवताना. मागून कोणी शेपटावर तर नाही ना, हे बघायची त्या लोकांना सवयच लागते म्हणे. आमची मिनू तेव्हा पाच वर्षांची. तिनेही बापाचं बघून तेच सुरू केलं, तेव्हा तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून विचारलं, "हिची मान दुखते का हो?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

आणि ही दुसरी तऱ्हा. काही विसरलं, काही पडलं, तरी गाडी परत वळवायची नाही. छत्र्या गेल्या, मिनूचा डबा गेला, एकदा तर माझी पर्स भाजीवाल्याच्या गाड्यावर राहिली. साहेब सरळ पुढे.

"बरं, औषध गेलं खड्ड्यात," मी म्हटलं. "पण आज जे सांगायला चाललोय, ते तरी नीट सांगा. तुम्ही मला शब्द दिलाय."

"दिलाय."

"हवाई छत्री उघडली नव्हती, असं स्वच्छ सांगायचं."

त्याने मान वळवून मागे पाहिलं. मागच्या सीटवर केळ्यांच्या घडाशिवाय कोणी नव्हतं.

"सांगेन," तो म्हणाला.

आम्ही चाललो होतो माळशेरीला, दिगंबर निकमच्या घरी. दिगंबर अच्युतच्याच स्क्वाड्रनमधला, वयाने सहा वर्षांनी लहान, आपल्याच जिल्ह्यातला. आमच्या घरी जेवायला यायचा तेव्हा मिनूला खांद्यावर घेऊन अंगणभर विमान करायचा. ही विमानं जोडीने जातात. पुढे एक मुख्य आणि त्याच्या मागे दोन नंबर. दोन नंबरचं काम काय, तर पुढचा जाईल तिकडे जायचं आणि त्याची पाठ राखायची. दिगंबर अच्युतचा दोन नंबर होता. लढाईच्या सहाव्या दिवशी दोघं गेले आणि अच्युत एकटा परत आला. त्याने लिहून दिलं की, दिगंबरच्या विमानाला गोळा लागला, पण हवाई छत्री उघडलेली दिसली. झालं. दिगंबर सरकारदरबारी 'बेपत्ता' ठरला. पुढे लढाईतले कैदी सुटून आले. त्यांत दिगंबर नव्हता.

छत्री मुळी उघडलीच नव्हती. हे अच्युतला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

दिगंबरची बायको सरोज. लग्न झालं तेव्हा एकवीस वर्षांची, नवरा गेला तेव्हा बाविसाची. कराडच्या कॉलेजात बी. ए. झालेली. तिचं मला पत्र आलं होतं. कोल्हापूरला बी. एड.ला प्रवेश मिळत होता, पण सासरे फॉर्मवर सही करत नव्हते. म्हणत होते, दिगू येईल आणि घरात बायको नसेल, तर त्याला मी तोंड काय दाखवू? सासूबाईंचं, आक्कांचं, उलटंच. त्यांना मुलाचा पालाशविधी करायचा होता. देहच हाती आला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. पण त्यालाही नियम आहे. मरताना कोणी पाहिलं असेल तर त्याच्या शब्दावर लगेच करता येतं. कोणीच पाहिलं नसेल तर बारा वर्षं थांबायचं, असं त्यांच्या गुरुजींनी सांगितलं होतं. जिवंत माणसाला असा अग्नी देण्यासारखं पाप नाही.

बारा वर्षांनी सरोज चौतीस वर्षांची झाली असती.

पत्रात शेवटी तिने लिहिलं होतं, "भावजींनी एकदा येऊन सांगावं. जे असेल ते."

घर रस्त्याला लागूनच होतं. तात्या निकम, दिगंबरचे वडील, प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर. धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं. आमची गाडी थांबायच्या आत ते पायऱ्या उतरून आले आणि अच्युतचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी त्याला सोप्यात नेलं. घोंगडीवर चादर अंथरून ठेवलेली होती. भिंतीवर दिगंबरचा गणवेशातला फोटो होता, त्याला हार नव्हता. त्याच्या शेजारी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकातलं पाकिस्तानचं पान खळ लावून चिकटवलेलं होतं आणि त्यावर लाल शाईचे ठिपके.

"हे तुरुंग," तात्यांनी अच्युतला दाखवलं. "रेडिओवर कैद्यांची नावं सांगत होते तेव्हापासून टिपून ठेवलेत. हा लायलपूरचा. हा मुलतानचा. ह्याच्याबद्दल मला दाट शंका आहे."

"असं," अच्युत म्हणाला.

"दिल्लीला अकरा पत्रं धाडली. पोचपावत्या आहेत." त्यांनी ट्रंक ओढली. "उत्तर येतं, तपास चालू आहे. चालू असणारच. तुमचा लेखी जबाब आहे म्हटल्यावर त्यांना चालू ठेवावाच लागतो."

मी अच्युतकडे बघत होते. तो पोचपावत्या बघत होता, एकेक उलटून, परीक्षेचे पेपर तपासल्यासारखा.

सरोज चहा घेऊन आली. पूर्वी चांगली भरलेली पोरगी, आता गळ्याची हाडं दिसत होती. तिने कप ठेवले आणि जायच्याऐवजी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. आक्का आत चुलीपुढून उठून आल्या आणि तिच्या पायाशी बसल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, सुजले होते, आणि त्या पदराने सारखे टिपत होत्या.

"माझं औषीद आनलं का बाई?" त्यांनी मला विचारलं.

"राहिलं हो आक्का," मी म्हटलं. लाज मला वाटली. ज्याला वाटायला हवी होती तो चहा पीत होता.

"ऱ्हाऊ द्या. डोळ्याचं काय घिऊन बसलाय," आक्का म्हणाल्या आणि अच्युतकडे वळल्या. "बाबा, तुम्ही आलाय तर ह्यास्नी सांगा काय ते. अडीच वर्सं झाली, माझं लेकरू पान्यावाचून हाय. कावळा शिवंना, काय न्हाई. मला सपान पडतंय, त्ये पानी मागतंय."

"गप," तात्या म्हणाले. मग अच्युतला म्हणाले, "साहेब, ह्या दोघींनी माझ्यामागे धोशा लावलाय. पुतळा जाळा म्हणतात. माझ्या जित्या पोराचा पुतळा. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. एकदा तुमच्या तोंडाने सांगा, म्हणजे ह्यांची तोंडं बंद होतील."

झालं, आता सांगणार. मी पदर सावरून ताठ बसले. आक्कांना धरावं लागेल, म्हणून थोडी पुढेही सरकले.

अच्युतने कप खाली ठेवला. मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"छत्री उघडली होती, तात्या," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सव्वा तास गाडीत शेजारी बसून आणलेला माणूस, मला शब्द दिलेला माणूस, तात्यांच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलत होता. आणि तेवढ्यावर थांबलाही नाही.

"पांढरी. स्वच्छ दिसली. मी वरून एक घिरटी घेतली. तो उसाच्या फडात उतरला. हात हलवला त्याने."

"हात हलवला?" तात्यांचा आवाज फाटला.

"हलवला."

तात्यांनी टोपी काढली, तोंडावर धरली आणि रडायला लागले. पासष्टीचा हेडमास्तर, ओक्साबोक्शी. आनंदाने रडत होते, हे जास्त वाईट होतं.

"मागच्या वेळी तुम्ही उसाचं नव्हतं सांगितलं, भावजी," सरोज म्हणाली. आवाज अगदी खालचा. "कालव्याच्या पलीकडे मोकळ्या रानात उतरले, असं तुम्ही लिहिलं होतं. ते पत्र आहे माझ्याकडे. आणि हात हलवल्याचं नव्हतं त्यात."

"ऊस तिथेच होता. बाजूला."

"मग त्या वेळी का नाही सांगितलं?"

"सरोज," तात्या टोपीतूनच ओरडले, "साहेबांची उलटतपासणी घेतेस? आत जा."

ती आत गेली नाही. अच्युतकडेही बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मला आजही शपथेवर सांगता येईल, तिने तेव्हाच ओळखलं होतं. मी मूग गिळून बसले असते, तरी तिने माझ्या तोंडावरून वाचलंच असतं. पण मला आता राग आवरत नव्हता.

"छत्री नव्हती," मी म्हटलं.

तात्यांनी टोपी खाली केली.

"प्रमिला," अच्युत म्हणाला.

"प्रमिला नाही नि काही नाही. छत्री नव्हती, तात्या. ऊस नव्हता, हात नव्हता. दिगंबरभावजी त्याच दिवशी गेले."

"तुम्ही होता का तिथं, बाईसाहेब?" तात्यांनी विचारलं. इतक्या थंड आवाजात मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

"मी नव्हते. हे होते. ह्यांनीच मला सांगितलंय. का सांगितलं तेही ऐका." मी अच्युतकडे वळले. "सांगता, का मीच सांगू? मिनूची चप्पल सांगू?"

मग मीच सांगितलं. आम्ही स्कूटरवरून येत होतो. मिनूच्या पायातली एक चप्पल रस्त्यात पडली, नवी कोरी. पोर रडत होती आणि हा वळायला तयार नव्हता. घरी आल्यावर मी तोंड सोडलं, की असे कसले बाप तुम्ही, वीस पावलं मागे जाता येत नाही? तेव्हा हा माझ्या अंगावर धावून आला. हात उगारला, तो भिंतीवर मारला आणि ओरडला, "परत फिरलो म्हणून दिगू मेला."

बाहेरून कोणाची तरी बैलगाडी गेली.

"एकदाच जायचं असतं," अच्युत म्हणाला. तो जमिनीकडे बघून बोलत होता, पण आवाज स्पष्ट होता. "निशाणावर एकदा जायचं, जे व्हायचं ते होतं, सरळ घरी यायचं. दुसऱ्यांदा जायचं नाही. पहिल्या वेळी खालचे लोक झोपलेले असतात, दुसऱ्या वेळी तोफा रोखून बसलेले असतात. पहिल्या दिवसापासून शिकवतात हे. मीच दिगूला शिकवलं होतं."

"मग?" सरोज म्हणाली.

"मालगाडी होती. तेलाच्या टाक्या. पहिल्या फेरीत माझा नेम चुकला. सगळं पुढे पडलं. मला राग आला. मी परत फिरलो. दिगूने रेडिओवर फक्त माझं नाव घेतलं, सर, एवढंच. आणि मागे आला."

"का आला?"

"दोन नंबर होता. मी जाईन तिथे यायचं हे त्याचं काम. दुसऱ्या फेरीत गाडी पेटली. मला पदक त्याचंच मिळालं. वळून बघितलं तेव्हा त्याचं विमान जमिनीवर जळत होतं. छत्री शोधली मी. खरंच शोधली. नव्हती. परत येऊन जबाब लिहिताना हाताने छत्री लिहिली. दिगू कुठेतरी आहे म्हटलं की मग मी..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. तात्यांनी केलं.

"मग तुम्ही मारला नाहीत," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी अडीच वर्षं नकाशावर ठिपके देत बसलो."

"हो."

तात्या उठले. मला वाटलं, ते ह्याला मारणार. मारलं असतं तर मी मध्ये पडले नसते. पण ते भिंतीजवळ गेले आणि नकाशाचं पान नखाने खरवडायला लागले. खळ वाळून घट्ट झाली होती. पान निघेना, नुसत्या चिंध्या निघत होत्या.

आता आक्कांनी विचारलं, "इमान जळत हुतं म्हनला न्हवं?"

"हो, आक्का."

"आनि त्यो आत?"

"आतच."

"म्हंजे अग्नी मिळाला त्याला," आक्का म्हणाल्या. "तेवढं तरी झालं बाई." आणि मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारचे लोक धावत आले. अडीच वर्षांनी त्या घरात पहिल्यांदा रीतसर कोणी मेलं होतं.

बायकांनी आक्कांना आत नेलं. तात्यांनी गुरुजींना निरोप धाडला. अच्युतला कोणी ऊठही म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही. तो होता तिथेच बसून होता. मी मागच्या दाराने परसात आले. खरं सांगते, मला हलकं वाटत होतं. मी माझं काम केलं होतं. ज्याला धमक झाली नाही ते मी करून दाखवलं होतं, आणि सरोज सुटली होती.

ती आडावर उभी होती. रडत नव्हती. रहाटाचा दोर हातात होता, पण पाणी ओढत नव्हती.

"फॉर्मची मुदत कधी आहे?" मी विचारलं.

"परवा. सही माझी मी करीन आता. मला कोणाची लागणार नाही." मग म्हणाली, "वहिनी, मिनूची चप्पल कधी पडली?"

मला प्रश्न आधी कळलाच नाही.

"कधी म्हणजे?"

"कोणत्या महिन्यात?"

"पावसाळा होता," मी म्हटलं. "जुलै असेल."

"गेल्या वर्षीचा?"

"हो."

तिने बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती.

"मी संक्रांतीला साताऱ्याला आले होते तुमच्या माहेरी," ती म्हणाली. "हळदीकुंकवाला. मी नको म्हणत होते, तर तुम्ही हाताला धरून पाटावर बसवलंत. आपल्या हाताने मला कुंकू लावलंत. ओटी भरलीत. म्हणालात, येतील हो ते, धीर धर. मी घरी येऊन आक्कांना सांगितलं, त्या फ्लाइट कमांडरच्या बायको आहेत, त्यांना आतलं काही कळलं असणार, उगीच नाही म्हणणार त्या. त्या जोरावर मी परत चार महिने काढले."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"थांबा. भावजींचं मला कळतं. माफ नाही करणार मी त्यांना, पण कळतं. ते भ्याले. जळतं विमान बघून आलेला माणूस, त्याच्या हाताने लिहिलं गेलं. तुमच्या डोळ्यांपुढे काही जळत नव्हतं, वहिनी. तुम्ही तुमच्या घरात होता, पोरीला शाळेत सोडत होता, भाजी आणत होता. दहा महिने. एक कार्ड टाकायचं होतं." तिने दोर सोडला, आणि पोहरा खाली पाण्यावर आपटला. "तुम्हाला कसली भीती होती?"

मी म्हटलं, "मला तुझं दुःख बघवलं नसतं गं."

तिने पोहरा वर ओढला, कळशी भरली, कमरेवर घेतली आणि माझ्या अंगावरून घरात निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. कोल्हापूरला शिकली, पुढे शाळेत लागली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्या वर्षी विंग कमांडरच्या बढतीच्या यादीत अच्युतचं नाव होतं. यादी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागली. आम्ही माळशेरीला गेलो ते तिसऱ्या आठवड्यात. गाडीत मी त्याला ज्या शब्दाची आठवण दिली, तो मी यादी लागल्यावर घेतला होता. तोवर दहा महिने मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं की, चला, त्या मुलीला सांगू.